मालूचं औषध

मालविका : थांब आत्या, एक मिनिट. ‘गेले नाही’ म्हणजे काय?

अन्नपूर्णा : म्हणजे गेले नाही. मराठीच बोलतेय मी.

मालविका : बाबा तर फोनवर म्हणाले, सगळं ठीक चाललंय.

अन्नपूर्णा : ठीकच चाललंय. दोन वेळा जेवते, झोप लागते, घाटाच्या पायऱ्या उतरून वर येते. केस बघ, उगवायला लागलेत. हे मटार घे, बोलताना हात चालू ठेव.

मालविका : तुझा केमोचा दुसरा राउंड दसऱ्याच्या आठवड्यात होता.

अन्नपूर्णा : होता.

मालविका : आणि आता देवदिवाळी पण होऊन गेली.

अन्नपूर्णा : या वर्षी गर्दी फार होती. दुर्गाघाटावरसुद्धा पाय ठेवायला जागा नव्हती.

मालविका : आत्या, तुला रक्ताचा कॅन्सर आहे. उन्हाळ्यात महिनाभर भर्ती होतीस तेव्हा तो दबला. दबला, संपला नाही. पुढचे राउंड त्यानं परत डोकं वर काढू नये म्हणून असतात. त्यातला एकच झालाय तुझा.

अन्नपूर्णा : हे सगळं त्या डॉक्टरनं सांगितलंय मला. चांगला मुलगा आहे. कागदावर चित्र काढून समजावलं. आमच्या शाळेत असे शिक्षक असते तर बरं झालं असतं.

मालविका : मग?

अन्नपूर्णा : मग काय. मी त्याला म्हटलं, मला वाट बघायचीय.

मालविका : कशाची?

अन्नपूर्णा : तुझ्या दवाईची.

मालविका : माझ्या कुठल्या?

अन्नपूर्णा : अखबारात आली ती. तुझ्या फोटोसकट. ‘काशी की बेटी ने समुद्र में ढूँढी कैंसर की दवा.’ दादानं, तुझ्या बाबानं, कापून देवघरालगतच्या भिंतीवर चिकटवलीय. तिकडे गेलीस की दिसेल.

मालविका : ती बातमी वेदांतदादानं त्याच्या अखबारात छापलेली. मला व्हॉट्सअॅपवर आली होती. मी हसले आणि विसरून गेले.

अन्नपूर्णा : हसलीस कुठं? हात जोडल्याचं चित्र पाठवलंस. मी पाहिलं ना.

मालविका : मला वाटलं, एका छोट्या अखबारातली बातमी, कोण वाचतंय.

अन्नपूर्णा : सगळ्या गल्लीनं वाचली. दूधवाल्यानं पण.

मालविका : आत्या, ऐक आता नीट. मी गोव्यात एका प्रयोगशाळेत काम करते. आमचे पाणबुडे मालवणच्या समुद्रातून स्पंज आणतात. आंघोळीचा नाही, जिवंत. झाडासारखा दिसतो, पण प्राणी असतो. खडकाला चिकटून जन्म काढतो. त्याला पळता येत नाही, चावता येत नाही, म्हणून काही स्पंज अंगातच विषं बनवून ठेवतात, कुणी खाऊ नये म्हणून. त्यातल्या एका विषानं काचेच्या बशीत ठेवलेल्या कॅन्सरच्या पेशी मारल्या. बस. इतना ही हुआ है.

अन्नपूर्णा : मारल्या ना पण?

मालविका : बशीत फिनाईल ओतलं तरी मरतात.

अन्नपूर्णा : बातमीत फिनाईलचं काही नव्हतं.

मालविका : नव्हतं.

अन्नपूर्णा : बशीनंतर काय असतं?

मालविका : उंदीर.

अन्नपूर्णा : दिलंस उंदरांना?

मालविका : दिलं. गाठी जरा लहान झाल्या. पण उंदीर पण वाळले. त्यांनी खाणं सोडलं.

अन्नपूर्णा : मग माणसाला कधी?

मालविका : बहुतेक कधीच नाही. अशी हजार निघतात, त्यातलं एखादं पोचतं. आणि पोचलंच तर पंधरा-वीस वर्षं.

अन्नपूर्णा : मग मला जरा जास्तच जगावं लागेल.

मालविका : आत्या, प्लीज. मी चार दिवसांसाठी आलेय. उद्या आपण अस्पतालात जातोय.

अन्नपूर्णा : मी जात नाहीये.

मालविका : पण आत्ताच तर सांगितलं मी की माझं औषध नाहीच आहे.

अन्नपूर्णा : ऐकलं मी. तरी जात नाहीये. झाले का मटार? दे इकडे.

* * *

शिवराम : तिथं नको बसू, ओली आहे पायरी. इथं ये.

मालविका : बाबा, तुम्ही मला खोटं सांगितलंत.

शिवराम : मी म्हणालो ठीक आहे. ज्या दिवशी म्हणालो त्या दिवशी ती ठीक होती.

मालविका : ये कोई जवाब हुआ?

शिवराम : नाही. जवाब नाही हा.

मालविका : आणि ती बातमी. वेदांतदादाला तुम्हीच सांगितलंत ना?

शिवराम : तो मुलाच्या मुंजीचा मुहूर्त काढायला आला होता. मुहूर्त काढून झाला, चहा झाला, मग त्यानं विचारलं, काका, मालू सध्या काय करते. मी म्हटलं, समुद्रातून कॅन्सरचं औषध शोधते. ‘शोधते’ म्हणालो मी. छापून येईपर्यंत त्याचं ‘शोधलं’ झालं.

मालविका : मग फोन करून सांगायचं की नाही, बाबा रे, चूक झालीय म्हणून?

शिवराम : सांगणार होतो. पण पहिले दोन-तीन दिवस लोक गल्लीत थांबवून नमस्कार करत होते. मीठा लागतं ते. आणि मग अन्नू म्हणाली, दादा, मी आता भर्ती होत नाही, मालूची दवाई येतेय.

मालविका : तेव्हा तरी.

शिवराम : तेव्हा तरी बोलायला हवं होतं. पण मला सुटल्यासारखं वाटलं, मालू. देवासमोर बसून वाटलं की बरं झालं, आता परत तिकडे जायला नको.

मालविका : का पण? पहिल्या वेळी महिनाभर काढलात की तिथं.

शिवराम : पहिल्या वेळी ती भांडत होती. नर्सशी, जेवणाशी, पंख्याशी. ती भांडत असली की मला काळजी नसते. या मागच्या खेपेला तसं नव्हतं. दवाई संपली आणि मग सुरू झालं. तोंडभर फोड. पाणी गिळवेना. मग ताप चढला. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की असा ताप येतो म्हणे.

मालविका : येतो. अंगात लढायला काही उरत नाही, म्हणून.

शिवराम : त्या तापात ती मला ओळखेना. मला शाळेचा चपराशी समजली. ‘घंटी बजाओ, पीरियड खतम हो गया.’ सारखं तेच. डोळे उघडे, आणि घंटी बजाओ, घंटी बजाओ. मी म्हणायचो अन्नू, मी शिवराम. ती आणखी रागावायची. शेवटी मी लोट्यावर चमचा वाजवला. तेव्हा डोळे मिटले तिनं.

मालविका : हे तुम्ही मला सांगितलं नाहीत.

शिवराम : तुझे उंदीर चालू होते.

मालविका : बाबा.

शिवराम : सांगून काय झालं असतं? तू विमान पकडून आली असतीस, आणि ती म्हणाली असती, मालूला कुणी बोलावलं. असो.

मालविका : अजून काही झालं का तिथं? आज मी म्हटलं माझं औषध नाहीच आहे, तर ती म्हणाली, ऐकलं, तरी जात नाही. मग औषधाची गोष्टच नाहीये ही.

शिवराम : आजाऱ्याचं जे करावं लागतं ते करावं लागलं. वॉर्डात हे सगळं करणारी दाई त्या रात्री आली नव्हती. मी केलं. मला त्याचं काही नाही. आईचं मी केलं, तुझ्या आईचं पण केलं. पण अन्नू शुद्धीवर आली आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं. घरी येईपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही तिनं. आल्यावर पण ताट वाढायची, सगळं करायची, पण बघायची दुसरीकडेच. ती बातमी आली त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून बोलली. म्हणाली, मालूचा फोटो चांगला आलाय. आता तू सांग, मी कुठल्या तोंडानं म्हणणार होतो की बातमी खोटी आहे?

मालविका : मी तिच्याशी बोलते.

शिवराम : तिच्या कलानं घे. आणि अजून एक आहे. भोसले घाटावरचे विश्वेश्वर, आठवतात? तुझ्या लहानपणी पतंग आणून द्यायचे. त्यांना यकृताचा झालाय. त्यांच्या बायकोनं, शरदिनीनं, दोनदा विचारलं, मालूताई कधी येणार.

मालविका : तुम्ही काय म्हणालात?

शिवराम : म्हटलं, आली की विचारतो.

मालविका : त्यांचे उपचार चालू आहेत ना? ते तर बंद नाही केले?

शिवराम : चालू असावेत. विचारलं नाही मी.

मालविका : उद्या सकाळी तुम्ही जा तिकडे. सांगा, औषध नाही. होईल की नाही ते पण माहीत नाही. आणि जे चालू आहे ते सोडू नका.

शिवराम : मी?

मालविका : तुम्हीच. मी सांगितलं तर त्यांना वाटेल, आहे औषध, पण देत नाही. आणि वेदांतदादाला दुरुस्ती छापायला मी सांगते.

शिवराम : मालू, एक विचारू? तो स्पंज मारतात का त्यासाठी?

मालविका : थोडासा कापून आणतात. तो परत वाढतो.

शिवराम : मग ठीक. चल, आरती सुरू झाली की गल्लीत घुसता येणार नाही.

* * *

मालविका : आत्या, मागच्या राउंडात तुझ्या डोळ्यांत थेंब टाकायचे का, सारखे सारखे?

अन्नपूर्णा : झोपेतून उठवून टाकायचे. तुला कसं माहीत?

मालविका : त्या औषधानं डोळे चुरचुरतात, म्हणून देतात. सायटाराबिन म्हणतात त्याला.

अन्नपूर्णा : असेल. बाटलीवर नाव होतं, मी चष्म्याशिवाय वाचलं नाही.

मालविका : ते स्पंजातून आलंय.

अन्नपूर्णा : कशातून?

मालविका : स्पंजातून. मी शिकत होते तेव्हा पहिल्याच तासाला हेच शिकवलं होतं. सत्तर-पंचाहत्तर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या एका माणसाला समुद्रातल्या स्पंजात काही विचित्र पदार्थ सापडले. त्यांची नक्कल करता करता पुढं हे औषध झालं. आता कारखान्यात बनतं, स्पंज लागत नाही. पण मूळ तिथलं. रक्ताच्या कॅन्सरला आजही तेच देतात, सगळ्या जगात.

अन्नपूर्णा : कुठला समुद्र?

मालविका : फ्लोरिडाचा किनारा. क्यूबाच्या वर.

अन्नपूर्णा : जन्मभर मी पोरींना भूगोल शिकवला. गल्फ स्ट्रीम तिथूनच सुरू होतो. नकाशावर निळ्या खडूनं बाण काढायचे मी. म्हणजे माझं तोंड ज्यानं सोलून काढलं, ते समुद्रातलं होतं?

मालविका : हो.

अन्नपूर्णा : आणि तुझं ते आलं असतं तर त्यानंही सोललं असतं?

मालविका : कदाचित जास्तच.

अन्नपूर्णा : मला वाटलं होतं, समुद्रातलं म्हणजे काही सौम्य असेल. काढ्यासारखं. झोपताना एक चमचा.

मालविका : विषच असतं ते. माणसाला झेपेल एवढं मोजून द्यायचं, एवढीच युक्ती आहे.

अन्नपूर्णा : हे तू मला काल का नाही सांगितलंस?

मालविका : सांगणार होते. मग वाटलं, तू म्हणशील, बघा कशी गोड बोलून पटवते.

अन्नपूर्णा : पटवतेच आहेस.

मालविका : हो, पटवतेय. पण खरं आहे ते.

अन्नपूर्णा : खरं असेल. मी कुठं खोटं म्हणते. तू लहान होतीस तेव्हापासून खरंच बोलतेस, म्हणून तर तुझं नाव उपयोगी पडलं.

मालविका : म्हणजे?

अन्नपूर्णा : मी नुसतं ‘नको’ म्हटलं असतं तर सगळे मागे लागले असते. डॉक्टर, शेजारी, माझ्या जुन्या विद्यार्थिनी. एकीनं तर घरी येऊन रडून दाखवलं असतं. मालूची दवाई येतेय म्हटलं की सगळे गप्प. उलट खूश. मला काही एवढं कळत नाही का, की गोव्यात बसलेली पोरगी सहा महिन्यांत बाटली पाठवणार नाही?

मालविका : बाबा बोलले मला, काल घाटावर. घंटीचं सांगितलं.

अन्नपूर्णा : आणि?

मालविका : आणि बाकीचं नीट सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, दाई आली नव्हती, मी केलं.

अन्नपूर्णा : सांगायची लाज वाटली असेल त्याला.

शिवराम : मला नाही वाटली लाज.

अन्नपूर्णा : कधी आलास तू? चप्पल वाजली नाही.

शिवराम : आत्ताच. भोसले घाटावरून चालत आलो. सांगितलं त्यांना. विश्वेश्वर झोपले होते. शरदिनी म्हणाली, काका, मला वाटलंच होतं. पण ह्यांना ती बातमी वाचून दाखवली की झोप लागायची, म्हणून मी काही बोलले नाही. उपचार चालू आहेत त्यांचे. चहा दिला तिनं. तो तसाच ठेवून निघालो.

अन्नपूर्णा : सकाळपासून पाणी तरी प्यालास का?

शिवराम : विषय बदलू नकोस. लाजेचं काय म्हणत होतीस?

अन्नपूर्णा : काही नाही.

शिवराम : अन्नू.

अन्नपूर्णा : मालू, तू जरा आत जा.

शिवराम : ती कुठं जात नाही. तिच्यासमोर बोल.

अन्नपूर्णा : मी त्या रात्री पूर्ण बेशुद्ध नव्हते, दादा. तुला वाटलं तसं. घंटीचं मला आठवत नाही, पण ते आठवतं. तू पंचा ओला करून आणलास. धोतर गुडघ्यापर्यंत खोचलं होतंस. वहिनी गेल्यापासून या घरात तुझं सोवळं कुणी सांभाळलं? पाण्याचा तांब्यासुद्धा दुसऱ्या कुणाला शिवू दिला नाही मी तुझा. शाळेतून आले की आधी आंघोळ, मग तुझ्या स्वयंपाकाला हात. आणि तू तिथं खाली वाकून माझं... सगळा वॉर्ड बघत होता.

शिवराम : वॉर्डात कुणी बघत नसतं. ज्याला त्याला आपलं पडलेलं असतं.

अन्नपूर्णा : मी बघत होते.

शिवराम : मग तुला दिसलं असेल की मला काही वाटलं नाही.

अन्नपूर्णा : बोलायला सोपं आहे.

शिवराम : करायलाही सोपं होतं. अवघड गेलं ते तुझं भिंतीकडे तोंड करणं. मला वाटलं, माझ्याकडून काही चुकलं. जोरात पुसलं गेलं असेल, तुला दुखलं असेल. महिनाभर तेच डोक्यात. मंत्र म्हणताना ओळ विसरायचो.

अन्नपूर्णा : दुखलं नाही.

शिवराम : मग बरं.

अन्नपूर्णा : मी मालूच्या दवाईचं बोलले तेव्हा तूसुद्धा काही म्हणाला नाहीस. बाकी कुणी काही म्हणो, पण तू तर म्हणशील असं वाटलं होतं. तू गप्प बसलास. मला वाटलं, दादालाही झेपत नाहीये आता. नकोच झालंय त्याला.

शिवराम : नकोच झालं होतं. तुला परत तसं बघायला नको होतं. तू नको असं कधी झालं?

मालविका : आत्या, मी आज सकाळी अस्पतालात फोन केला होता. उद्या येऊ शकता म्हणाले.

अन्नपूर्णा : तू कुणाला विचारून फोन केलास?

मालविका : कुणालाच नाही. आणि अजून एक सांगते, आत्ताच. ते आधी हाडातली मज्जा परत तपासणार. इतके दिवस मध्ये गेलेत, कॅन्सर परत आलेला असू शकतो. आला असेल तर हा राउंड नाही, सगळं पहिल्यापासून.

शिवराम : हे आजच कशाला सांगतेस तिला?

अन्नपूर्णा : सांगू दे. बातमीत राहून गेलं होतं ते सगळं सांगू दे तिला.

मालविका : नसेल आला, तर डॉक्टर म्हणाले मात्रा कमी करतील. मागच्या वेळी जंतुसंसर्ग झाला होता, वयही आहे, म्हणून.

अन्नपूर्णा : रात्री कोण राहणार?

शिवराम : मी आहे.

अन्नपूर्णा : तू नाही. दादा रात्री राहणार असेल तर मी येत नाही. आधीच सांगते.

मालविका : मी राहते.

अन्नपूर्णा : तू चार दिवसांसाठी आलीस.

मालविका : रजा वाढवते. रुची आहे प्रयोगशाळेत, माझ्या हाताखालची. ती उंदीर सांभाळेल.

अन्नपूर्णा : आणि तुझ्या दवाईला उशीर होईल त्याचं काय?

मालविका : वीस वर्षांत एक महिना. कळणार पण नाही.

अन्नपूर्णा : बरं. पण अस्पतालातली खिचडी मी खाणार नाही. हे पण आधीच सांगते.

शिवराम : खिचडी मी घरून आणीन. दुपारची. रात्री मी राहणार नाही, पण दुपारी यायला बंदी नाही ना?

अन्नपूर्णा : दुपारी ये.

* * *

मालविका : वर बघ. अजून वर. पंख्याकडे. झालं, आता मीट.

अन्नपूर्णा : या थेंबांनीच जास्त चुरचुरतं.

मालविका : हा शेवटचा दिवस थेंबांचा. उद्यापासून नुसतं सलाईन.

अन्नपूर्णा : दादाला कळवलंस, तो डॉक्टर काय म्हणाला ते?

मालविका : त्याच दिवशी कळवलं. मज्जा साफ आहे म्हटलं तर फोनवरच रडले.

अन्नपूर्णा : त्याला लगेच येतं. आणि डॉक्टर रागावला ते?

मालविका : ते नाही सांगितलं.

अन्नपूर्णा : तेही सांगायचं. म्हणाला, माताजी, आपकी किस्मत अच्छी निकली, पर दुबारा ऐसा मत कीजिएगा. मी म्हटलं, बेटा, दुबारा अखबार में कुछ छपेगा तो देखेंगे.

मालविका : छापलं त्यांनी, दुरुस्तीचं. वेदांतदादानं फोटो पाठवला.

अन्नपूर्णा : केवढी आली?

मालविका : एवढीशी. पाणी बंद राहण्याच्या सूचनेखाली. फोटो नाही.

अन्नपूर्णा : फोटो नसेलच. शरदिनीला दाखवायला हवी होती ती. नको, राहू दे. तिला कळलंय.

मालविका : पलीकडच्या खाटेवरची मुलगी विचारत होती, तुम्हारी आंटी को भी यही चढ़ रहा है क्या.

अन्नपूर्णा : किती लहान आहे गं ती. कॉलेजात असेल. तू काय म्हणालीस?

मालविका : हो म्हटलं. दोघींना एकच. तिचा पहिलाच राउंड आहे, घाबरलीय.

अन्नपूर्णा : तिला म्हणावं, तोंडाला फोड यायच्या आधी जे खायचं ते खाऊन घे. समोसा, चाट, सगळं. नाहीतर राहू दे, डॉक्टर मला ओरडेल. म्हणावं, नारळपाणी पी.

* * *

(काही दिवसांनी. तोच वॉर्ड, दुपार. खाटेजवळ शिवराम स्टुलावर बसले आहेत, हातात डबा.)

अन्नपूर्णा : मालू?

शिवराम : मी आहे. दादा.

अन्नपूर्णा : माहितीये दादा आहेस. आज मला चपराशी दिसत नाहीयेस तू. मालू कुठंय?

शिवराम : खाली गेलीय, दवाईच्या दुकानात. नवीन इंजेक्शन लिहून दिलंय, तापाचं. रांग फार आहे म्हणाली.

अन्नपूर्णा : किती आहे ताप?

शिवराम : आहे अजून. काल रात्रीपेक्षा कमी आहे. सकाळी डॉक्टर बघून गेला, म्हणाला, या वेळी तोंड बरं आहे. मात्रा कमी केली त्याचा फायदा.

अन्नपूर्णा : घसा तरी सोललाच.

शिवराम : खिचडी पातळ केलीय. दोन चमचे घेतेस?

अन्नपूर्णा : मग घेते. विश्वेश्वर कसे आहेत?

शिवराम : काल गेलो होतो. गप्पा मारल्या त्यांनी. म्हणाले, काका, मालूला म्हणावं, आमच्यासाठी नाही तर नाही, पण काम सोडू नकोस.

अन्नपूर्णा : तिला सांगितलंस?

शिवराम : सांगितलं. रुचीशी फोनवर बराच वेळ बोलत होती मग, उंदरांचं.

अन्नपूर्णा : याच्यानंतर अजून एक राउंड आहे ना?

शिवराम : एक. संक्रांतीच्या सुमारास.

अन्नपूर्णा : मालूला तेव्हा बोलवायचं नाही. तिला कामं आहेत.

शिवराम : मग रात्री कोण राहील?

अन्नपूर्णा : बघू. मालू आली का?

शिवराम : अजून नाही. का गं?

अन्नपूर्णा : दाई?

शिवराम : जेवायला गेलीय. काय हवंय?

अन्नपूर्णा : काही नाही. येईल ना मालू एवढ्यात?

शिवराम : सांगता येत नाही. रांग खरंच मोठी आहे. अन्नू, काय हवंय?

अन्नपूर्णा : खाटेखालचं भांडं दे.

शिवराम : देतो. थांब, आधी पडदा ओढून घेतो.